उमेदवारी कोणाच्या खर्चाने?

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातल्या घराघरांत विज्ञान की वाणिज्य, हा एकच खल सुरू होतो. ज्यांना ऐंशी-नव्वद टक्के मिळाले त्यांची काळजी वाहायला पालक आहेत आणि खासगी क्लासवालेही आहेत. आम्हाला आज लिहायचे आहे ते पंचेचाळीस टक्क्यांत पास झालेल्यांविषयी, आणि मराठी माध्यमातून दहावी करून इंग्रजी माध्यमाच्या पीयूसीत गेलेल्या व पहिल्याच वर्षी गळालेल्या मुलांविषयी. ही मुले पुढे कुठे जातात हे शोधायला कोणी पाहणी करण्याची गरज नाही. सकाळी आठच्या आत उद्यमबागच्या किंवा मच्छेच्या रस्त्याला उभे राहावे. हातात डबा, पाठीवर पिशवी, आणि विचारले तर उत्तर ठरलेले, 'कामाला लागलोय सर.' शिकायला लागला की नुसता उचलायला लागला, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, घरचेही नाहीत.

'उमेदवारी' हा मराठी शब्द मूळचा या प्रश्नाचाच आहे. वकिलाकडे, वैद्याकडे, छापखान्यात, सराफी पेढीवर उमेदवारी करणे म्हणजे तुटपुंज्या वेतनावर राहून धंदा शिकणे. निवडणुकांनी हा शब्द पळवला. आता उमेदवारी म्हटले की लोकांना तिकीट आठवते. सरकारी भाषेने मग 'शिकाऊ उमेदवार' अशी पुनरुक्ती करून शब्दाची डागडुजी केली. शब्द गेला तसा त्यामागचा व्यवहारही आपल्या नजरेआड झाला. हा व्यवहार नेमका काय आहे, त्यात मालकाचे काय जाते, मुलाचे काय जाते आणि कोणाला काय मिळते, याचा हिशेब मांडल्याशिवाय 'मुलांनी कौशल्य शिकावे' ही भाषणे पोकळ आहेत.

कायद्याची बाजू आधी थोडक्यात सांगतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यात १९७३ मध्ये पदवीधर व डिप्लोमाधारक आले. २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि मालकाला तुरुंगात धाडण्याची तरतूद जाऊन दंड राहिला. २०१९ च्या नियमबदलाने तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरायचे. म्हणजे शंभर माणसांच्या कारखान्याने किमान तीन उमेदवार घ्यायचे, पंधरापर्यंत घेता येतात. चार ते एकोणतीस माणसांच्या छोट्या कारखान्यांना ते ऐच्छिक आहे. विद्यावेतनाचे दर त्याच वर्षी ठरले : पाचवी ते नववी शिकलेल्यास महिना ५,००० रुपये, दहावी झालेल्यास ६,०००, बारावीस ७,०००, डिप्लोमाधारकास ८,०००, पदवीधरास ९,०००, दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. केंद्र सरकारने २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, स्वतः उचलला. आधी हे पैसे मालकाला परत मिळत, २०२३ पासून ते मुलाच्या खात्यात थेट जमा होऊ लागले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढ सुचवली, म्हणजे ६,८०० ते १२,३०० रुपये. पुढचे गणित आम्ही २०१९ च्या दराने आणि सरकारी हिस्सा धरून केले आहे. दर वाढला की मुलाचा तोटा कमी होईल, मालकाचा थोडा वाढेल. हिशेबाची रीत तीच राहील.

आता मुलाच्या बाजूने पाहू. समजा अठरा वर्षांचा, दहावी झालेला मुलगा आहे. एका मशिनशॉपमध्ये त्याला हेल्पर म्हणून १२,००० रुपये मिळतात. शेजारच्या शॉपमध्ये टर्नरची दोन वर्षांची उमेदवारी मिळते. हेल्परचे दोन वर्षांचे २,८८,००० रुपये होतात. उमेदवाराचे पहिल्या वर्षी ७२,००० आणि दुसऱ्या वर्षी ७९,२००, मिळून १,५१,२००. फरक १,३६,८०० रुपयांचा. गवंड्याच्या किंवा शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. त्यात बहिणीचे लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते. बाप म्हणतो, 'हेल्परच हो', तेव्हा तो अडाणीपणा करत नाही, त्याच्यापुढे असलेला हिशेब करतो. फक्त तो हिशेब दोन वर्षांवर थांबतो. समजा दोन वर्षांनी प्रमाणपत्रधारक टर्नरला १८,००० मिळाले आणि हेल्पर वाढून १३,५०० वर आला. महिन्याला ४,५०० चा फरक. म्हणजे साडेतीस महिन्यांत, सुमारे अडीच वर्षांत, सोडलेले पैसे भरून निघतात. मुलगा तेव्हा साडेबावीस वर्षांचा असतो. त्याच्यापुढे कामाची पस्तीस वर्षे असतात. आमचे आकडे कोणाला पटले नाहीत तर त्याने आपले घालून पाहावेत. उत्तर दोन वर्षे येईल, कदाचित चार येईल. मात्र त्यासाठी एक अट आहे : त्या दोन वर्षांत मुलगा खरोखर टर्नर झाला पाहिजे. झाला नाही, तर सगळे गणित उलटते आणि बाप बरोबर ठरतो.

मालकाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि आमचे समाजसेवक तो कधी ऐकून घेत नाहीत. विद्यावेतन हा त्यातला लहान खर्च. दहावीच्या मुलाचे ६,००० धरले आणि सरकारी १,५०० वजा केले तर ४,५०० राहिले. मोठा खर्च मिस्त्रीच्या वेळाचा. २५,००० पगाराच्या मिस्त्रीने रोज दीड तास मुलाला दाखवण्यात घालवला, तर महिन्याचे सुमारे ४,७०० रुपये गेले. शिवाय बाद झालेले जॉब, तुटलेली टूल्स, मशिन अडून राहिल्याचा वेळ. ते १,५०० धरू. महिन्याला १०,७०० खर्च, आणि पहिल्या वर्षी मुलाच्या हातून सरासरी ५,००० रुपयांचे काम होते असे मानू. महिन्याला ५,७०० चा तोटा, वर्षाला ६८,४००. दुसऱ्या वर्षी चित्र बदलते. विद्यावेतन ६,६००, त्यातले मालकाचे ५,१००, मिस्त्रीचा रोज अर्धाच तास, १,६००, नासधूस ५००. एकूण ७,२००, आणि काम ११,००० चे. महिन्याला ३,८०० ची बाजू वर, वर्षाला ४५,६००. दोन वर्षांचा निव्वळ तोटा उरला २२,८०० रुपये. मुलगा तेथेच आणखी वर्ष-दोन वर्षे राहिला, तर मालकाला ही रक्कम जड नाही. बाहेरून अनोळखी टर्नर आणून त्याला आपल्या मशिनची सवय करून देण्यातही पैसे जातातच. पण करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा निपाणीमार्गे शिरोलीला गेला, किंवा घाट उतरून वेर्ण्याला गेला, तर २२,८०० शुद्ध बुडाले. त्याहून वाईट म्हणजे ते ज्याने शिकवले नाही अशा कारखानदाराच्या खिशात गेले.

आमच्या उद्योजक मित्रांची खरी तक्रार हीच आहे आणि ती खोटी नाही. 'आम्ही शिकवायचे आणि पोरे शेजाऱ्याने पळवायची.' अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच इंग्लंडातल्या सात वर्षांच्या सक्तीच्या उमेदवारीवर झोड उठवली. त्याचे म्हणणे असे, की एवढी वर्षे शिकायला लागत नाहीत, ती मालकाला फुकटचे हात मिळावेत म्हणून लागतात, आणि कामाचे फळ दुसऱ्याला मिळते म्हणून पोरगा आळशी होतो. १५६३ चा तो कायदा १८१४ मध्ये या बाबतीत रद्द झाला. पुढे अमेरिकेच्या गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले, की जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालते त्याचा खर्च मालक करणार नाही, तो शिकणाऱ्यालाच कमी वेतनाच्या रूपाने सोसावा लागेल. आपल्याकडचे विद्यावेतन हेल्परच्या पगाराहून कमी का, याचे एक उत्तर येथे आहे. पण मग मुलाने सोसलेल्या कमी वेतनाच्या मोबदल्यात त्याला शिक्षण मिळाले, हे कोणी तपासायचे?

जर्मनीत हे तपासण्याची व्यवस्था आहे, म्हणून तिचे उदाहरण घ्यावे लागते. तेथे मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात असतो. परीक्षा मालक घेत नाही, त्या भागातली उद्योगांची किंवा कारागिरांची मंडळे घेतात. तेथील केंद्रीय संस्थेच्या २०१७-१८ च्या पाहणीत एका उमेदवारावर वर्षाला सरासरी २०,८५५ युरो खर्च होतो, त्याच्या हातून १४,३७७ युरोंचे काम होते आणि मालकाच्या अंगावर ६,४७८ युरो पडतात, असे आढळले. तरीही मालक उमेदवार घेतात. कारण नंतर माणूस शोधण्याचा खर्च वाचतो, दोन-तीन वर्षांत मुलाची पारख झालेली असते, आणि शेजारीही शिकवत असल्यामुळे गेला तो येतोही. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर सरासरी मालकाचा खर्च उमेदवारी संपेपर्यंतच वसूल होतो. तेथे मुलाला लवकर खऱ्या कामाला लावतात आणि कुशल माणसाची मजुरी इतकी जास्त, की त्याने केलेल्या प्रत्येक तासाची किंमत मोठी ठरते. दोन्ही देशांत मुलगा किती लवकर कामाचा होतो यावर सारा हिशेब फिरतो.

परदेशाचे दाखले आवडत नसतील त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. १९१० मध्ये बेळगाव सोडून औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर त्यांना कारखाना न्यावा लागला. निवडुंगाच्या त्या माळावर तयार कारागीर कुठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे घेऊन, हाताशी धरून कारागीर घडवावे लागले. कारागीर बाजारात मिळत नव्हता म्हणून शिकवणे भाग होते. आज उद्यमबागेत तो मिळत नाही अशी ओरड आहे, पण शिकवणे मात्र कोणाला भाग वाटत नाही.

आता या सदराच्या विषयाकडे येतो, कारण भाषेचा प्रश्न लोक समजतात तसा फक्त पाट्यांचा आणि सभांचा नाही. तो मिस्त्रीच्या त्या दीड तासात आहे. आमच्या मशिनशॉपची बोली पाहा. जॉब बांधणे, सेंटर काढणे, कट घेणे, लेव्हल करणे. नावे इंग्रजी, क्रियापदे मराठी, मधेच कन्नड, आणि काम बिनबोभाट चालते. मुलगा सहा महिन्यांत हाताने कट घ्यायला शिकतो. अडते ते थिअरीला. कट किती खोल, चाल किती, वेग किती, हे पुस्तकात इंग्रजीत समोर आले की तोच मुलगा मुका होतो. त्याला ते माहीत नसते असे नाही. आपल्याला माहीत आहे ते हेच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

व्हर्निअर घ्या. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग ०.९८ मिलिमीटरचा. १ मधून ०.९८ गेले, उरले ०.०२, एवढे बारीक माप त्या पट्टीने घेता येते. हे सहावी-सातवीचे दशांश अपूर्णांक आहेत. आम्ही वर्गात ते मराठीत शिकवतो, मुलगा मराठीत सोडवतो. पुढे शॉपमध्ये 'लीस्ट काउंट' हे शब्द ऐकून तो घाबरतो आणि सहा-सहा महिने मिस्त्रीने सांगितलेला आकडा पाठ करून वापरतो. मिस्त्री रजेवर गेला की जॉब बाद. वर धरलेल्या नासधुशीच्या १,५०० रुपयांतले कितीतरी रुपये या एका न समजण्याचे आहेत. समजा, मुलाला मापे, आरेखन आणि ही पंधरा-वीस सूत्रे आधी त्याच्या भाषेत नीट समजली आणि पहिल्या वर्षी त्याचे काम महिन्याला हजार रुपयांनीच वाढले. वर्षाचे १२,००० झाले. मालकाच्या २२,८०० च्या तोट्यातला निम्म्याहून जास्त भाग तेथेच भरून आला. मातृभाषेत शिकवणे हा मालकावर उपकार आहे असे आम्ही म्हटले तर हसू नये.

पुस्तके नाहीत ही सबबही आता चालत नाही. आयटीआयची पाठ्यपुस्तके काढणारी चेन्नईची 'निमी' संस्था आहे, तिने ट्रेडची पुस्तके प्रादेशिक भाषांत काढली आहेत, मराठीतही. ती मराठी थोडी ओढाताणीची आहे, पण वाचता येते. बेळगावात एखाद्या आयटीआयच्या मराठी मुलाच्या हातात ते पुस्तक आम्ही पाहिले की कळवू.

आणि कन्नड? मुलांनी ती उत्तम शिकावी, असे आम्ही गेली पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. जुलै २०२४ मध्ये स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवणारे विधेयक कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने मंजूर केले होते. दहावीला कन्नड हा विषय नसेल तर कन्नडची परीक्षा देण्याची अट त्यात होती. दोनच दिवसांत ते थांबवण्यात आले. उद्या ते पुन्हा येईल, न येईल. कन्नड येणाऱ्या आणि देशभर चालणारे राष्ट्रीय उमेदवारी प्रमाणपत्र हातात असणाऱ्या मुलाला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ते प्रमाणपत्र शिरोलीत चालते, चाकणला चालते, बेंगळुरातही चालते. पण कन्नड यावी म्हणून लेथचे शास्त्र न समजणाऱ्या भाषेत शिकवावे, हा न्याय कुठला? १९४८ च्या कारखाना कायद्याने १०८ व्या कलमात सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितले होते. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. कलमाचा क्रमांक कोणताही असो, भट्टीशेजारी उभ्या असलेल्या पोराला फलक वाचता आला पाहिजे, एवढे तरी कोणी अमान्य करू नये.

भट्टीचा विषय निघाला म्हणून सांगतो. उमेदवारीचे किमान वय चौदा असले तरी धोकादायक उद्योगांच्या ट्रेडना ते अठरा आहे, आणि ओतकाम धोकादायक प्रक्रियांच्या यादीत येते. म्हणजे सोळाव्या वर्षी दहावी झालेल्या पोराला बेळगावच्या फौंड्रीत उमेदवार म्हणून जाता येत नाही. ही मधली दोन वर्षेच मुलांना बिघडवतात. कोणी केटरिंगला वाढायला जातो, कोणी वाळूच्या ट्रकवर. दोन वर्षांचा आयटीआयचा ट्रेड या पोकळीत नेमका बसतो. तो करून अठराव्या वर्षी एका वर्षाची उमेदवारी केली की मुलगा एकोणिसाव्या वर्षी फिटर म्हणून उभा राहतो. मुलींनाही हा रस्ता मोकळा आहे. हायड्रॉलिक्सच्या जुळणीत आणि तपासणीत लागणारी बारीक नजर त्यांच्याकडे आहे. अडचण संध्याकाळच्या बसची आहे.

दुसरी बाजू लपवून चालणार नाही. उमेदवार हा कायद्याने कामगार नाही. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, करार संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. इतका स्वस्त माणूस समोर दिसल्यावर मोह होतोच. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने एका कारखान्यात 'उमेदवार' म्हणून वर्ष काढले. त्याला लेथखालचा कीस भरण्यापलीकडे काही दाखवले नाही. वर्ष संपले, तो गेला, दुसरा आला. अशा मालकाला वाटते आपण वाचवले. आमच्या वरच्या हिशेबात पाहा : त्याला ११,००० चे काम देणारे दुसरे वर्ष कधी येतच नाही. तो कायम पहिल्याच वर्षात अडकतो, आणि पाच वर्षांनी कुशल माणूस मिळत नाही म्हणून उद्योजकांच्या सभेत भाषण करतो.

कायदा येथे मुलाच्या बाजूने बराच आहे, वाचणारा हवा. उमेदवाराला नगावर मजुरी देता येत नाही, कारण मग तो शिकणार नाही, नग काढत बसेल. परवानगीवाचून त्याला जादा वेळ थांबवता येत नाही. कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात सांगितले, की इतर बाबी समान असतील तर सरळ भरतीच्या माणसापेक्षा शिकून तयार झालेल्या उमेदवाराला प्राधान्य द्यावे.

आमच्या शाळेच्या समितीपुढे आम्ही एक साधा ठराव ठेवला आहे. दहावीची परीक्षा आणि निकाल यांच्यामधल्या मोकळ्या आठवड्यांत शाळेच्याच खोलीत मापे, आरेखन आणि कारखान्यातले शब्द यांचा वर्ग घ्यायचा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांची शब्दांची यादी फळ्यावर. शिकवायला गणिताचा शिक्षक आणि एखादा निवृत्त मिस्त्री. खर्च चहाचा आणि चार जुन्या व्हर्निअरचा. उद्योजकांकडे मागणे एवढेच, की शेजाऱ्याने पळवण्याची भीती वाटते तर दहा-बारा कारखान्यांनी मिळून उमेदवार घ्यावेत, वर्षाअखेर एकमेकांच्या मुलांची हातकामाची परीक्षा घ्यावी. सगळेच शिकवू लागले की पळवापळवीला अर्थ राहत नाही.

पालकांना एक सांगणे आहे. उमेदवारीचा करार सरकारकडे नोंदवावा लागतो आणि त्याला क्रमांक असतो. मुलाला घेऊन सहीला जाल तेव्हा तो क्रमांक मागून घ्या, ट्रेडचे नाव वाचा, शेवटी परीक्षा कोण घेणार ते विचारा. क्रमांक नाही, ट्रेड नाही, परीक्षा नाही असे उत्तर आले, तर तुमचा मुलगा उमेदवार नाही, हेल्पर आहे. मग पगारही हेल्परचाच मागा.